दहा बाय पंधरा फुटांची चिंता

माझी बायको बस स्टँडसमोरच्या भिंतीवर दहा बाय पंधरा फुटांत लागली, तेव्हा मी सातवी 'क'च्या वर्गात मोर शिकवत होतो. मोराचं पोट आणि मान झाली होती, पिसारा बाकी होता. आमचा शिपाई ज्ञानोबा दारात येऊन उभा राहिला. त्याला धाप लागली होती. शाळेच्या कामानं त्याला धाप लागत नाही, म्हणून मी लगेच वळलो.

"सर, भितीवरचं गोणपाट काढलं."

मी खडू ठेवला आणि आवाज होईल तितका साधा ठेवून विचारलं, "लागलं का?"

"लागलं. पन तुमचं न्हाई लागलं."

"मग कुणाचं लागलं?"

ज्ञानोबानं आधी पोरांकडं पाहिलं, मग फळ्यावरच्या मोराकडं. "वहिनी लागल्यात," तो म्हणाला.

त्या भिंतीवर माझं चित्र लागायचं ठरलेलं होतं. लातूर जिल्हा होऊन तेव्हा चौथं वर्ष चालू होतं. उस्मानाबादेतून वेगळे झाल्यावर आम्हाला कलेक्टर मिळाला, कचेरी मिळाली, आणि दुकानांच्या पाट्यांवर तालुका लातूर, जिल्हा लातूर असं दोनदा लिहायची सोय झाली. पाण्याची वाटणी तेवढी घाईत राहून गेली असावी. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली आणि शहरात टँकर फिरू लागले. पण नव्या जिल्ह्याचा हा स्वतःचा पहिलाच मोठा दुष्काळ. आधीचे सगळे उस्मानाबादच्या नावावर गेलेले. त्यामुळे कचेऱ्यांमधून एक प्रकारचा हुरूप होता.

त्या हुरुपात, प्रचाराचं काम बघणाऱ्या एका साहेबांनी चित्रस्पर्धा काढली. साहेब पुण्याकडचे होते. जिल्ह्यातल्या आम्हा चित्रकला शिक्षकांना बोलावून त्यांनी समजावून सांगितलं, "विषय दुष्काळ आणि नवा जिल्हा. चेहऱ्यावर चिंता हवी. पण ती शासनावर विश्वास असलेली चिंता हवी." पहिलं आलेलं चित्र बस स्टँडसमोर मोठं करून रंगवणार आणि खाली चित्रकाराचं नाव घालणार, हे ऐकल्यावर अशी चिंता काढण्यात आमच्यापैकी एकालाही अडचण दिसली नाही.

चिंता कशी काढतात हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. नांदेडला कोर्स करून आल्यापासून एकवीस वर्षं मी तेच शिकवत होतो. माझ्या वर्गात भावमुद्रांचा तक्ता आहे. त्यात राग आणि भीती यांच्या शेजारच्या चौकटीत चिंता आहे, आणि तिचा हात कपाळाला आहे. डोकेदुखीच्या मलमाची डबी बघा, तिच्यावरच्या माणसाची दोन बोटं कानशिलावर असतात. कुटुंब नियोजनाच्या चित्रात पाच पोरांचा बाप दोन्ही हातांनी डोकं धरून बसलेला असतो; त्याची बायको मागं कुठंतरी उभी असते, तिच्याकडं कुणी फारसं बघत नाही. कॅलेंडरातल्या विरहिणी तळहातावर गाल टेकवतात. आमच्या स्नेहसंमेलनातला राजासुद्धा हात मागं बांधून स्टेजभर येरझाऱ्या घालतो, पडद्याआडून पुढचं वाक्य ऐकू येईपर्यंत. म्हणजे हात काढता आला की चिंता काढता येते. हे मी पोरांना दरवर्षी सांगतो आणि सहामाहीला विचारतो.

मी महिनाभर खपून एक म्हातारा काढला. पटका, खोल गेलेले गाल, एक हात कपाळाला, दुसरा डोळ्यांवर आडवा धरलेला, नजर आभाळात. खाली जमिनीला भेगा. शासनावरच्या विश्वासासाठी कोपऱ्यात उगवता सूर्य. दुष्काळात सूर्य उगवण्यात आशा कसली, हे परीक्षकांनी विचारलं नाही. उदगीरच्या सरांचा म्हातारा डिट्टो माझ्यासारखाच होता, पण भेगा कमी पडल्या. रेणापूरच्या गुरुपादप्पा सरांनी म्हाताऱ्याऐवजी म्हातारी काढली. एवढं धाडस परीक्षकांना झेपलं नाही. मी पहिला आलो. टाउन हॉलात पंधरा दिवसांचं प्रदर्शन भरलं, मला शाल मिळाली.

चित्र टाउन हॉलात असतानाच त्याचा वीतभर फोटो देऊन ते भिंतीवर चढवायचं काम व्यंकटी पेंटरला दिलं गेलं. व्यंकटी टॉकीजची पोस्टरं रंगवायचा. त्याची पद्धत अशी, की लहान चित्रावर पेन्सिलीनं चौकटी मारायच्या, तेवढ्याच मोठ्या चौकटी भिंतीवर मारायच्या आणि एकेक चौकट बघून भरत जायची. याला डोकं लागत नाही असं मी स्टाफरूममध्ये दोनतीनदा बोललोही होतो. तीन आठवडे भिंतीवर गोणपाट होतं आणि आत बांबूंवर व्यंकटी होता. रोज शाळेत जाताना मी त्या गोणपाटाकडं बघून जायचो आणि माझं नाव किती इंचांचं असेल याचा अंदाज घ्यायचो.

तर मोराला बिनपिसाऱ्याचा ठेवून मी ज्ञानोबाच्या सायकलवर मागं बसलो.

भिंतीसमोर शेदीडशे माणसं होती. भिंतीवर आभाळ नव्हतं. भेगा नव्हत्या, सूर्य नव्हता. एक बाई उभी होती. कमरेवर घागर, दुसऱ्या हातात बादली, पदराचं टोक दातात धरलेलं. तिची नजर वर नव्हती. टँकर काही आभाळातून येत नाही, रस्त्यानं येतो. ती रस्त्याकडं बघत होती आणि रस्ता तिला दिसत नव्हता. डावी भुवई केसभर वर. मान घागरीच्या उलट्या अंगाला किंचित कललेली, गळ्याची एक शीर ताणलेली. बस, एवढंच. कपाळावर एक आठीसुद्धा नव्हती.

हे चित्र चांगलं आहे, हे मला पाहताक्षणी कळलं. हा झाला पहिला त्रास.

दुसरा त्रास असा की ती शिवकन्या होती. हनुवटीवरचा तीळ जागच्या जागी होता, कानामागची बट होती, सगळं होतं; आणि तो चेहरा मी कधीच पाहिलेला नव्हता. एकोणीस वर्षं मी या बाईच्या समोर ताटावर बसलो. तिचा राग पाहिला, ताप पाहिला, माझ्या आईशी बोलून झाल्यावरची तिची शांतता पाहिली. हे पाहिलं नव्हतं. मग ते व्यंकटीला कुठं सापडलं? आणि तिनं ते त्याला का दाखवलं?

"माझ्या थोरल्या बहिणीवानी दिसायलीय," माझ्या शेजारचा एक जण म्हणाला.

"थुत्. माय हाय ती माझी," दुसरा म्हणाला आणि नाक पुसायला लागला.

या लोकांचा तिच्याशी काय संबंध होता? ती माझी बायको आहे असं ओरडावंसं वाटलं. पण खाली नाव व्यंकटीचं होतं, आणि बायकोवर हक्क सांगितला तर चित्रावरचा आपोआप सुटल्यासारखं झालं असतं.

साहेब जीपपाशी उभे होते. मी त्यांना गाठलं. "साहेब, पहिलं तर माझं आलं होतं."

"तुमचं म्हणजे... ते सूर्याचं?" साहेब म्हणाले. "हो, हो. छानच होतं. पण मुंबईहून पाहुणे आले होते काल, त्यांनी गोणपाट वर करून हे पाहिलं. दहा मिनिटं उभे होते. आता हेच राहू द्या. तुम्हाला शाल दिलीय ना आपण?"

घरी आलो तर शिवकन्या भाकरी थापत होती. मी चौकटीला टेकून उभा राहिलो.

"लवकर आलाव?"

"भिंत बघून आलो."

"हाव का. नाक जरा मोठं झालंय न्हाई?"

"तू बघितलंस?"

"आठ दिस झाले की. त्यानं टँकरच्या रांगेतल्या समद्यांला दावलं."

"म्हणजे तुला माहीत होतं. सगळ्या रांगेला माहीत होतं. मला सोडून."

"तुमचं नाव पुसून माझं थोबाड लागायलंय, हे कोन्या तोंडानं सांगावं?" असं म्हणून तिनं भाकरी तव्यावर टाकली.

"पण चिंता कशाची करत होतीस?"

"कवा?"

"त्या चित्रात."

"चित्र त्यानं काढलंय, त्यालाच इचारा." मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "असं काय बघायलाव? पीठ लागलंय का तोंडाला?"

पीठ नव्हतं. काहीच नव्हतं. हाच तर मुद्दा होता.

त्यानंतरचे चार दिवस मी तिच्यावर पाळत ठेवली. पेपरावरून बघितलं, आरशातून बघितलं, जेवताना बघितलं. मनात सगळ्या चिंता ओळीनं लावून पाहिल्या. मुलगा नांदेडला हॉस्टेलात होता, पण तो बरा पास होत होता. माहेर इस्लापूरचं, सहस्रकुंडाच्या धबधब्याचा आवाज ऐकत वाढलेली ही बाई लातुरात टँकरच्या हॉर्नवर कान लावून बसायची, पण त्याचं रडगाणं तिनं कधी लावलं नाही. मग काय? आजार? की दुसरंच कुणी? त्रेचाळिसाव्या वर्षी हा शेवटचा विचार करताना माणूस किती हास्यास्पद दिसतो, हे मला आरशातच दिसलं, कारण मी तिला बघायला तिथं उभा होतो.

"डोळ्याला काई झालंय का तुमच्या?" तिनं तिसऱ्या दिवशी विचारलं.

पाचव्या दिवशी अर्धी रजा टाकून मी थेट टँकरच्या रांगेत गेलो. रांग त्या भिंतीच्या पायथ्याशीच लागायची. वर पंधरा फुटांची शिवकन्या, खाली पाच फुटांची. आमच्या शेजारच्या केवळाबाईंनी मला लांबूनच हेरलं.

"आले बाई सर! घागर कुठाय, सर?"

"सहज आलोय," मी म्हणालो.

"आमीबी नऊ वाजल्यापून सहजच हुब्या हाव." रांग हसली. "शिवकन्ये, तुझ्या मालकाला तुझी फिकीर लागली बघ. चित्रातली पळून जाईल म्हनून राखणीला आलेत."

"चित्रातली जाऊ द्या की," शिवकन्या म्हणाली, "तिची घागर तरी भरलेली हाय का बघा आदी." आणि सगळ्या बायका एकदम खिदळल्या. शिवकन्या पदर तोंडात धरून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईतो हसली.

हे हसणंही मी घरात पाहिलेलं नव्हतं. आता मला केवळाबाईंचाही हेवा वाटायला लागला. भावमुद्रांच्या माझ्या तक्त्यात हेव्याची चौकट नाही. असती तर त्या दिवशी पोरांना समोर बसवून चांगला काढून घेता आला असता.

तिथून मी व्यंकटीकडं गेलो. टॉकीजच्या मागं त्याची पत्र्याची शेड होती. एका हिरोचं अर्धं तोंड जमिनीवर पसरून तो त्याला मिशी काढत होता. तिशीचा असेल, हातापायांना रंग, कानामागं ब्रश.

"या सर. शिव्या द्यायला आलाव ना? बसून द्या. च्या सांगतो."

"चहा नको. तुला माझं चित्र मोठं करायला दिलं होतं."

"दिलतं. आन म्या केलतंबी." त्यानं ब्रश डब्यात ठेवला. "खोटं न्हाई सांगत. समदं आखलं. भेगा भरल्या, लई झकास भेगा हायत तुमच्या. सूर्य भरला. मंग डोळ्याच्या चौकटी आल्या. कसं असतं सर, वीतभर कागदावर झाकून जातं. भितीवर एकेक डोळा फूटभर होतो. आत बघतो, तर आत कुनीच न्हाई."

"कुणीच नाही म्हणजे काय?"

"म्हंजे म्हातारा कशाची फिकीर करायलाय ते त्याचं त्यालाच ठाव न्हाई. सरांनी बसवलंय म्हनून बसलाय."

मी बसलेलो होतो तो उठलो. "व्यंकटी, एकवीस वर्षं शिकवतोय मी हे."

"मला मालूम हाय की. सातवीला तुमच्याच वर्गात होतो मी." तो आदबीनं म्हणाला. "तुमी चित्रकलेत पास केलतं मला. गणितानं घोटाळा केला. हात काढा, हात काढा म्हनायचाव तुमी. म्हनूनच तर अडलो. वर बांबूवर बसून खाली बघतो, आख्खी रांग फिकिरीत, आन कपाळाला हात एकीचाबी न्हाई. लावावा कसा? एका हातात घागर, एका हातात बादली, कडेला लेकरू. हात रिकामा लागतो सर तुमच्या फिकिरीला. तो म्हातारा लई आरामात हाय."

मी खऱ्या प्रश्नावर आलो. "ती काय बोलली तुझ्याशी?"

"कोन?"

"भिंतीवरची."

त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडी भीती दिसली. "काईच न्हाई सर. देवाशप्पत. तुमच्या बाई हायत ते मला चित्र झाल्यावर केवळाबाईनं सांगितलं. ठाव असतं तर..." तो थांबला. "तर बी काढलं असतं, आता खोटं कशाला बोलू."

त्यानं पत्र्याच्या पेटीतून कागदांचा गठ्ठा काढून माझ्यापुढं ठेवला. टॉकीजच्या जाहिरातीची गुलाबी पत्रकं होती, त्यांच्या कोऱ्या बाजूला कोळशानं काढलेली रांग. केवळाबाई भांडताना. केवळाबाई भांडून झाल्यावर. कुणी जांभई देताना, कुणी घागरीवर बसून डुलकी घेताना. आणि मधूनमधून शिवकन्या. मी मोजली, अकरा होती. एकीत ती कुणाला तरी नक्कल करून दाखवत होती. चालण्यावरून ती नक्कल माझी होती. मी चित्रकलेचा मास्तर, माझ्या घरात तिचं एक चित्र नव्हतं. इथं अकरा.

भिंतीवरचं ते चित्र गठ्ठ्याच्या तळाशी होतं. तो कागद गुलाबी नव्हता. जाड, पांढरा होता. मी उलटा केला. मागं छापलेलं होतं: चित्रप्रदर्शन, टाउन हॉल, आणि त्याखाली बक्षिसांची यादी, वरून पहिलं नाव श्री. शेषेराव, म्हणजे मी.

"हा कागद तुला कुठं मिळाला?"

"त्यांनीच दिला. त्या दिवशी माझे कागद सरले होते. आन चेहरा तर असा, की पुन्हा गावायचा न्हाई. वरूनच वरडलो, कागद हाय का कुनाजवळ? बादलीत ठिवलेला हा कागद त्यांनी वर केला. माझ्याकडं बघितलंबी न्हाई. आन पुन्हा तशाच हुब्या. टँकर आला, समद्या पळाल्या, तरी ह्या तशाच."

तो कागद प्रदर्शनाच्या दारात आत जाणाऱ्यालाच देत होते. म्हणजे त्या दिवशी शिवकन्या टाउन हॉलात माझं चित्र बघून तिथूनच रांगेला गेली होती. तो दिवस मला चांगला आठवत होता. संध्याकाळी मी तिला विचारलं होतं, कसं वाटलं? ती पाठमोरी होती. म्हणाली, "छान हाय. भेगा लई काढल्यात." त्या एका वाक्यावर मी आठवडाभर खूश होतो.

मी कागद मागितला. व्यंकटीनं क्षणभर विचार केला आणि दिला. "परत आना बरं का सर," तो म्हणाला. माझ्या बायकोचं चित्र, माझ्या नावाच्या कागदावर, मी त्याला परत आणून द्यायचं होतं.

शिवकन्या अंगणात सुपात ज्वारी निवडत बसली होती. मी तो कागद सुपाच्या कडेवर ठेवला.

"टाउन हॉलातनं थेट रांगेत गेलीस त्या दिवशी."

"हाव."

"चित्र बघून."

"हाव." ती खडे वेचत राहिली.

"आणि?"

"आनि काय? घरी गेल्यावर तुमी इचारणार, कसं वाटलं. काय सांगावं ह्याचा घोर लागला."

"एवढा?" मी बस स्टँडच्या दिशेला हात केला. "दहा बाय पंधरा?"

"तुमी महिनाभर काढायलताव ते. जेवाण थंड करून. मला वाटलं, आता ह्यात काय तरी असंल. घागर-बादली रांगेत ठिवून सजून गेले मी. अन् बघते तर..."

"तर काय?"

तिनं एक खडा उचलून लांब टाकला. "तर कॅलेंडर."

पलीकडच्या घरात कुणीतरी रेडिओ लावला होता. बातम्यांत पाऊस कुठं कुठं नाही ते सांगत होते.

"मग छान का म्हणालीस?"

"दोन तास हुबी होते रांगेत. दुसरं काई सुचलंच न्हाई."

म्हणजे जिल्ह्याच्या दुष्काळाची म्हणून जी चिंता भिंतीवर लागली होती, जिच्यात परकी माणसं आपल्या मायबहिणी शोधून नाक पुसत होती, ती माझ्या चित्राची चिंता होती. दुसरं कुणी नव्हतं, आजार नव्हता. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. ते तसं वाटलंही, अंदाजे अर्धा मिनिट. मग वाटलं, न्यायानं त्या भिंतीवर खाली माझंही नाव पाहिजे. पण कारण काय म्हणून घालायला सांगणार? आणि शेवटी मूळ दुखणं जिथल्या तिथं होतं. तिची माझ्याबद्दलची चिंता, आणि ती मला सोडून सगळ्या लातूरनं पाहिली. ज्याच्यामुळं झाली त्यालाच तेवढी दिसली नाही, कारण त्याच्यापुढं येताना ती पाठमोरी होत होती.

"उठू नकोस," मी म्हणालो. "अशीच बस."

"का?"

"काढतो तुला."

"आता? ज्वारी पडलीय."

"ज्वारी निवडत राहा. हात रिकामे नकोतच."

मी आतून बोर्ड आणला, कागद लावला आणि तिच्यासमोर बसलो. एकवीस वर्षांत इतकं मन लावून मी काही काढलं नसेल. तास झाला असेल. सूप काढलं, बोटं काढली, तीळ जागच्या जागी काढला. भेग कुठंही काढली नाही. ऊन भिंतीवरून उतरून तिच्या गुडघ्यावर आलं, ती निमूट बसली, एकदाच म्हणाली, "मान अवघडली," आणि मी म्हणालो, "थोडंच राहिलंय." मग मी कागद काढून तिच्या हातात दिला.

ती बघायला लागली आणि मी तिच्याकडं बघायला लागलो.

डावी भुवई केसभर वर गेली. मान कलली. गळ्याची ती शीर हळूहळू ताणली गेली. डोळे कागदावर होते आणि कागद त्यांना दिसत नव्हता. माझ्यापासून दोन हातांवर, खऱ्या मापात, तो चेहरा होता. नाक व्यंकटीनं मोठंच केलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

आमच्या घरातली रीत अशी, की मी विचारायचं कसं झालंय आणि तिनं छान म्हणायचं. मी विचारलं नाही. मी आवाज न करता दुसरा कागद बोर्डला लावला आणि काढायला लागलो. आधी भुवई. ती एका रेघेत उतरली, तशी रेघ माझ्या हातून पूर्वी कधी आली नव्हती. मग मान. जितका वेळ मी विचारणार नाही तितका वेळ ती काय सांगावं या घोरात राहणार होती, आणि तितका वेळ तो चेहरा माझा होता. फक्त पाच मिनिटं पाहिजे होती. टँकरच्या रांगेत दोन तास गेले होते तिचे, इथं पाच मिनिटं.

तिनं कागद जरा लांब धरून पाहिला. ओठ एकदा हलले आणि पुन्हा मिटले. मी मानेच्या अर्ध्यात होतो.

"वाईट झालंय ना?" मी म्हणालो.

तिनं वर पाहिलं. मी खरंच विचारतोय की काय याचा तिनं जरा वेळ अंदाज घेतला.

"लई," ती म्हणाली.

"कॅलेंडर?"

"कॅलेंडर तरी रंगीत असतंय." आणि ती हसली. भुवई खाली आली, शीर निवळली, खांदे सैल झाले. रांगेत हसते तशी, पदर तोंडात धरून हसली. त्या चेहऱ्यावर आता चिंता म्हणून काढण्यासारखं काही उरलं नाही. सूप घेऊन ती आत गेली.

माझ्या कागदावर एक भुवई आहे आणि मानेची अर्धी रेघ आहे. व्यंकटीचा कागद मी दुसऱ्या दिवशी परत करून आलो, पण त्याआधी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघितले. त्याच्या भुवईपेक्षा माझी भुवई बरी आहे. निदान वाईट तरी नाही. हे मी शिवकन्येला अजून विचारलेलं नाही.